मॉडेल रॉकेटचा छंद: सुरुवातीला किती खर्च येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकेट केवढ्याला पडतं, हे सगळे विचारतात. ते उडवायला किती पडतं, हे मात्र फार कमी जण विचारतात, आणि पैसे तर तिथेच जातात. किंमती देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून इथे चलनातले आकडे दिलेले नाहीत. नवशिक्यांसाठीच्या एका साध्या किटची किंमत म्हणजे 'एक माप' असं धरलं आहे. तुमच्याकडे किट जेवढ्याला मिळतं त्याने गुणा, म्हणजे तुमचा आकडा निघेल. ही मापं ढोबळ आहेत.

१. मॉडेल रॉकेट म्हणजे नक्की काय? फटाक्यातलं रॉकेट आणि हे यात फरक काय?

फटाका एकदा उडाला की संपला. मॉडेल रॉकेट वर जातं, पोटातून पॅराशूट बाहेर टाकतं, खाली येतं आणि नवी मोटर, म्हणजे इंधन भरलेलं नळकांडं, घालून पुन्हा उडतं. त्याची नळी जाड कागदाची, पंख बाल्सा लाकडाचे किंवा प्लास्टिकचे आणि नाकही तसंच हलकं असतं. अंगात धातू वापरत नाहीत. मोटर कारखान्यातून बनून येते आणि ती वात लावून नव्हे, तर लांबून विजेने पेटवतात. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमावलीत मॉडेल रॉकेटच्या वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आणि इंधनाची १२५ ग्रॅम आहे. सुरुवातीची रॉकेटं या मर्यादेच्या जवळपासही नसतात. मोटर धरून पन्नास-साठ ग्रॅम, बस.

२. पहिल्या उड्डाणाआधी काय काय विकत घ्यावं लागतं?

रॉकेटचं किट, मोटरींचं पाकीट, लाँच पॅड आणि कंट्रोलर. पॅड म्हणजे तिकाटणं, त्यात उभी केलेली साधारण ९० सेंटिमीटरची पोलादी सळई आणि मोटरची झळ अडवणारा पत्रा. कंट्रोलर म्हणजे सेल, काढता येणारी किल्ली, दिवा, बटण आणि लांब वायर. इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, बहुतेक वेळा मोटरच्या पाकिटातच येते.

मग बारीकसारीक: सुतारकामाचा गोंद, पॉलिश पेपर, धारदार ब्लेड, रंगाचा डबा, वॅडिंग (प्रश्न ९) आणि कंट्रोलरचे सेल. हे सेल खोक्यात नसतात आणि ते मैदानावर पोचल्यावर आठवतं. माझं पहिलं उड्डाण एक आठवडा पुढे गेलं ते चार सेलपायी.

३. ठीक आहे, पण एकूण किती? एक आकडा सांगा.

किट एक माप. पॅड आणि कंट्रोलर मिळून साधारण दोन मापं. मोटरींचं एक पाकीट जवळपास एक माप, आणि दोन पाकिटं तरी घ्यावीतच. गोंद, रंग वगैरे अर्धं माप, घरात काहीच नसेल तर एक. म्हणजे साडेपाच ते सहा मापांत तुम्ही मैदानावर.

आता पुढचा हिशोब करा. महिन्यातून दोनदा गेलात आणि दर वेळी तीन उड्डाणं केलीत, तर वर्षाला बहात्तर उड्डाणं होतात. पाकिटात तीन मोटरी धरल्या तर चोवीस पाकिटं, म्हणजे चोवीस मापं. रॉकेट आणि पॅड मिळून तीन मापं होती. दुकानात उभं राहून किटच्या किमतीवर घासाघीस करणाऱ्यांना मी हा हिशोब आधी दाखवतो.

४. मोटरवर 'सी६-५' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय आणि खर्चाशी त्याचा काय संबंध?

तीन गोष्टी आहेत. अक्षर सांगतं एकूण आवेग, म्हणजे मोटरमध्ये एकंदर किती जोर भरलाय. तो न्यूटन-सेकंदात मोजतात. ए म्हणजे १.२६ ते २.५, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, डी म्हणजे २० पर्यंत. प्रत्येक अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा छोटा बार होईपर्यंतचे सेकंद. तेवढा वेळ रॉकेट निव्वळ वेगावर वर जात असतं आणि धूर सोडत असतं.

खर्चाच्या दृष्टीने पाकिटात किती नग आहेत ते बघा. १३ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या मोटरी सहसा पाकिटात चार येतात, १८ मिलिमीटरच्या तीन आणि २४ मिलिमीटरच्या डी मोटरी दोन. पाकिटांच्या किमतीत मात्र त्या मानाने फारसा फरक नसतो. म्हणजे छोट्या मोटरवर चार वेळा उडायचं, की डीवर दोनदा? पहिल्या वर्षी उड्डाणांची संख्या वाढवा. हात त्यानेच बसतो.

शेवटच्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तेही महागात पडतं. जड रॉकेटला लांब विलंबाची मोटर घातली तर ते नाक खाली करून वेगात यायला लागतं आणि तेव्हा पॅराशूट उघडतं. नाक आणि नळी जोडणाऱ्या दोरीला, म्हणजे शॉक कॉर्डला, हिसका बसतो आणि ती नळीची कड सुरीसारखी उभी फाडत जाते. या छंदात त्याला 'झिपर' म्हणतात. किटवर चालणाऱ्या मोटरींची यादी छापलेली असते. सुरुवातीला त्या यादीबाहेर जाऊ नका.

५. स्टार्टर सेट घ्यावा, की सगळं सुटं?

सेट घ्या. त्यात रॉकेट, पॅड आणि कंट्रोलर एकत्र येतात आणि सुटं घेण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतात. मात्र खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच सेटमध्ये मोटरी नसतात.

६. तयार रॉकेट चांगलं, की जोडायचं किट?

तयार रॉकेट दहा मिनिटांत उडतं. लहान मुलांचा उत्साह टिकवायला ते बरं. पण त्याचा प्लास्टिकचा पंख मोडला की बहुतेक वेळा ते कचऱ्यात जातं. बाल्साचा पंख मोडला तर गोंदाचा एक थेंब आणि रात्रभर थांबायचं. ज्याने रॉकेट स्वतः जोडलंय त्याला ते दुरुस्तही करता येतं, आणि दोन वर्षांच्या हिशोबात हा फरक चांगलाच जाणवतो.

जोडताना एकाच जागी घाई करू नका: पंख नळीला चिकटवताना. आधी दोन्हीकडे गोंदाचा पातळ हात द्या, तो मुरून चिकट होऊ द्या, मग दुसरा हात देऊन पंख सरळ धरून ठेवा. वाळल्यावर सांध्यात बोटाने गोंदाची बारीक गोलाई ओढा. असा सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो. पुढच्या वेळी पंख मोडला तर मधोमध मोडेल, मुळातून नाही.

७. सगळ्यात मोठा छुपा खर्च कोणता?

वारा.

माझं तिसरं रॉकेट मी चार संध्याकाळी बसून घासलं, रंगवलं, पंखांच्या कडा गोल केल्या. ए मोटरवर काय मजा, म्हणून पहिल्याच उड्डाणाला सी घातली. पॅराशूट झकास उघडलं. मग ते मैदानावरून, कुंपणावरून, पलीकडच्या झाडांच्या रांगेवरून शांतपणे गेलं आणि ठिपका होऊन दिसेनासं झालं. खाली आम्ही तिघं टाळ्या वाजवत उभे होतो. टाळ्या थांबायलाही वेळच लागला.

गणित सोपं आहे. हलकं रॉकेट सीवर ३०० मीटरपर्यंत जाऊ शकतं. पॅराशूट सेकंदाला ४ मीटर खाली येत असेल तर जमिनीवर यायला ७५ सेकंद लागतात. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, म्हणजे झाडांची पानं आणि बारीक फांद्या सतत हलतील इतका, तर तेवढ्यात ते ३७५ मीटर वाहून जातं. तेच रॉकेट ए मोटरवर शंभरेक मीटर गेलं तर पंचवीस सेकंदांत खाली आणि १२५ मीटरवर. वर वारा जमिनीपेक्षा जोरात असतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी लांब.

हरवलेलं रॉकेट म्हणजे एक माप, चार संध्याकाळी आणि आतली वापरलेली मोटर. मोटरी सोडल्या तर पहिल्या वर्षी सर्वाधिक पैसे इथे जातात.

८. मग रॉकेट हरवू नये म्हणून काय करायचं? त्याला काही खर्च आहे का?

जवळपास नाही. नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण यादीतल्या सगळ्यात लहान मोटरवर करा. वारा असेल तर पॅराशूट काढून लांब रिबीन, म्हणजे स्ट्रीमर लावा. त्याने रॉकेट जास्त वेगाने खाली येतं, लहान हलक्या रॉकेटला ते चालतं आणि गवतावर काही होत नाही. पॅराशूटच ठेवायचं असेल तर त्याच्या मध्यभागी गोल भोक कापा. सळई वाऱ्याकडे थोडी झुकवा, पण उभ्या रेषेपासून ३० अंशांपलीकडे कधीही नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की सामान गाडीत टाका आणि घरी जा. प्रश्न १ मधली नियमावलीही तेच सांगते.

रॉकेटवर फोन नंबर लिहा. रंग भडक नारिंगी किंवा गुलाबी द्या. हिरवं रॉकेट ज्याने गवतात शोधलंय तो पुन्हा हिरवा रंग विकत घेत नाही.

९. वॅडिंग विकतचंच लागतं का? टिश्यू पेपर नाही चालणार?

साधा टिश्यू नाही चालणार. मोटर आणि पॅराशूट यांच्यामध्ये वॅडिंग भरतात, कारण पॅराशूट फेकणाऱ्या बाराची गरम हवा आणि ठिणग्या पॅराशूटचं प्लास्टिक वितळवतात. साधा कागद धुमसत खाली पडतो आणि सुक्या गवताला आग लागते. विकतचं वॅडिंग अग्निरोधक रसायनात भिजवलेलं असतं. स्वस्त पर्याय म्हणजे घरांच्या भिंतींत भरतात ते अग्निरोधक सेल्युलोज इन्सुलेशन. जुने जाणते तेच मुठीने भरतात आणि एक पिशवी कित्येक वर्षं पुरते. मोठ्या रॉकेटला अग्निरोधक कापडाचा चौकोन शॉक कॉर्डला कायमचा बांधून ठेवतात.

१०. लाँच पॅड आणि कंट्रोलर घरी बनवून पैसे वाचतील का?

वाचतील, आणि बनवण्यात मजाही आहे. पॅडला जड लाकडी तळ, तीन मिलिमीटरच्या आसपासची सरळ सळई आणि एक पत्रा पुरतो. रॉकेट नसताना सळईच्या टोकाला टोपी किंवा गुंडाळी घाला. वाकलेला माणूस उठतो तेव्हा सळईचं टोक बरोबर डोळ्याच्या उंचीवर असतं.

कंट्रोलरमध्ये दोन गोष्टींवर काटकसर नको. एक, काढता येणारी किल्ली. ती रॉकेटकडे जाणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे. दोन, सोडल्यावर आपोआप उघडणारं बटण. वायर डी मोटरपर्यंत किमान ५ मीटर आणि त्यापुढे किमान ९ मीटर ठेवा. एवढं जमत नसेल तर तयार कंट्रोलर घ्या. तो पुढच्या सगळ्या रॉकेटांना चालतो.

११. मोटरी महाग आहेत. घरीच बनवल्या तर?

नको. हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि माझं उत्तर बदलत नाही.

या छंदाचा जन्मच या धोक्यातून झालाय. १९५० च्या दशकात अमेरिकेत मुलं धातूच्या नळ्यांत घरगुती मिश्रणं ठासत होती आणि हात-डोळे गमावत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या चपलांच्या दुकानदाराला आतषबाजीचा नाद होता. त्याने १९५४ मध्ये कागदी नळीचं, पॅराशूटने परत येणारं आणि तयार मोटर बदलता येणारं रॉकेट बनवलं. जी. हॅरी स्टाइन या रॉकेट अभियंत्याने १९५७ मध्ये ते पाहिलं आणि त्याचा धंदा सुरू केला. मोटरी पुरेनात, म्हणून डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसला गाठलं. त्याने मोटरी ठासणारं यंत्र बनवलं आणि त्याचं नाव 'मेबल' ठेवलं. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर पडायची. हा छंद सामान्यांच्या खिशाला परवडायला लागला तो त्या यंत्रामुळे. ठासण्याचं काम माणसाच्या हातातून काढून घेतलं, म्हणून मोटर स्वस्तही झाली आणि भरवशाचीही.

घरी बनवलेल्या मोटरीत वाचणारे पैसे एका फुटक्या मोटरीत जातात, आणि तेही फक्त पैसेच गेले तर. बहुतेक ठिकाणी ते बेकायदाही आहे.

१२. आमच्याकडे मोटरी मिळतच नाहीत किंवा त्यांना परवाना लागतो. मग काय?

काहीही विकत घेण्याआधी आपल्या देशातला स्फोटकांचा कायदा आणि उड्डाणाला लागणारी परवानगी तपासा. किट हाती पडल्यावर हे शोधणारे बरेच आहेत. मोटरी सहसा साध्या टपालाने येत नाहीत. बऱ्याचदा घातक मालाचा वेगळा वाहतूक आकार लागतो आणि एक-दोन पाकिटांसाठी तो मोटरींपेक्षा जास्त भरू शकतो. चार जणांनी मिळून एकदाच मागवावं.

मार्गच बंद असेल तर पाण्याच्या रॉकेटपासून सुरुवात करा. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, सायकलचा पंप आणि थोडं पाणी. तोल, पंख, पॅराशूट यांचा अभ्यास तोच, आणि उड्डाणाचा खर्च शून्याच्या आसपास. फक्त फुगवलेल्या बाटलीजवळ तोंड नेऊ नका. तीही दाबाखालची टाकीच आहे.

१३. बटण दाबलं, मोटर पेटलीच नाही. पैसे बुडाले?

बहुधा नाही. किल्ली काढा, पूर्ण ६० सेकंद थांबा, मगच जवळ जा. दहातल्या नऊ वेळा (माझा अंदाज, मोजलेलं नाही) इग्नायटरचं टोक आतल्या इंधनाला टेकलेलं नसतं, कंट्रोलरच्या वायरचे चिमटे एकमेकांना चिकटलेले असतात किंवा सेल थकलेले असतात. मोटर चांगली असते. नवा इग्नायटर आत शेवटपर्यंत घाला आणि प्लास्टिकच्या बुचाने घट्ट दाबा. चिमट्यांवरची काजळी पॉलिश पेपरने घासा. जास्तीचे इग्नायटर सोबत असू द्या. एका इग्नायटरवाचून मोटरींचं अख्खं पाकीट घरी परत नेणं जिवावर येतं.

१४. ऑफर होती म्हणून भरपूर मोटरी घेतल्या. त्या किती टिकतात?

कोरड्या, थंड जागी वर्षानुवर्षं. यांतलं इंधन म्हणजे दाबून घट्ट केलेली बंदुकीची दारू. ओलावा तिला नको आणि सतत तापणं-गार होणं तर नकोच. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या मोटरीत दारूची कांडी आणि कागदी कवच यांच्यात बारीक फट पडते. मग पेटल्यावर ज्योत त्या फटीतून एकदम पसरते आणि मोटर फुटते. मोठ्या मोटरींत हे जास्त घडतं. पडलेली मोटरही वापरू नका. मोटर वाया गेली तर रॉकेटही जातं, म्हणून इथली काटकसर दुप्पट महाग पडते.

१५. मोठ्या मोटरींची पुन्हा भरता येणारी कवचं मिळतात. ती स्वस्त पडतात का?

खूप उडवलं तरच. ॲल्युमिनियमचं कवच एकदा घ्यायचं आणि दर वेळी आत नवा भरणा. भरणा एकदाच वापरायच्या मोटरपेक्षा स्वस्त असतो, पण कवचाचा खर्च निघायला बरीच उड्डाणं लागतात. तोवर ते कवच एखाद्या रॉकेटबरोबर झाडावर गेलं तर हिशोब तिथेच संपला. शिवाय एच अक्षरापासून पुढे 'हाय पॉवर' हा वेगळाच छंद सुरू होतो. त्याला रॉकेट्री संस्थेचं प्रमाणपत्र, मोठं मैदान आणि मोठा खिसा लागतो. पहिल्या वर्षी याचा विचारही नको.

१६. दोन टप्प्यांचं रॉकेट घेतलं तर खर्च दुप्पट का?

उड्डाणाचा हो, कारण एका वेळी दोन मोटरी जळतात. खालच्या टप्प्याला विलंब शून्य असलेली मोटर लागते, उदाहरणार्थ बी६-०. ती संपताच थेट वरची पेटवते. ती एकेरी रॉकेटात घातलीत तर पॅराशूट उघडणारच नाही, म्हणून डब्यात वेगळी ठेवा. उंची वाढते, तशी हरवण्याची शक्यताही (प्रश्न ७).

१७. सॉफ्टवेअर, उंची मोजणारं यंत्र, कॅमेरा, हे सगळं लागतं का?

उडवायला यातलं काहीच लागत नाही. स्वतःचं रॉकेट आखायला लागलात की ओपनरॉकेट वापरा. ते फुकट आहे आणि गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र (हवेचा एकूण जोर जिथे लागतो तो बिंदू) कुठे पडतात ते दाखवतं. गुरुत्वमध्य दाबकेंद्रापेक्षा नाकाच्या बाजूला निदान एका नळीच्या व्यासाइतका पुढे हवा. संगणक नसेल तर मोटर भरलेल्या रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधा आणि डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर बहुधा सरळ उडेल. शेजारी बघतील, पण चाचणी फुकट आहे. उंची मोजणारं छोटं यंत्र मी दुसऱ्या वर्षी घेतलं. त्याआधी घेतलं असतं तर तिसऱ्या रॉकेटबरोबर गेलं असतं.

१८. शाळेच्या वर्गाला करायचं आहे. तीस मुलांचा खर्च कसा धरायचा?

पॅड आणि कंट्रोलर सगळ्यांत मिळून एक किंवा दोन. त्यामुळे माणशी खर्च झपाट्याने खाली येतो. किट आणि मोटरी घाऊक खोक्यांत मिळतात. दोघांत एक रॉकेट धरा, स्ट्रीमर लावा आणि अर्ध्या ए (एच्या निम्म्या जोराच्या) किंवा ए मोटरीच वापरा. त्या शाळेच्या मैदानात मावतात. ए मोटरला मैदानाची लहान बाजू निदान ३० मीटर हवी, सीला १२० मीटर. दोनचार मोटरी आणि इग्नायटर जास्तीचे ठेवा. ज्याची मोटर पेटली नाही त्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

१९. वर्षभरात कंटाळलो तर सामानाचं काय?

पॅड आणि कंट्रोलर सहज विकले जातात, न उघडलेली किटंही. जोडलेलं रॉकेट कोणी विकत घेत नाही, ते एखाद्या मुलाला द्या. उरलेल्या मोटरी कुरियरने किंवा टपालाने पाठवू नका, विमानाच्या सामानात तर अजिबात नाही. ज्याला द्यायच्या त्याला मैदानावर बोलवा आणि दोघं मिळून उडवून टाका.